मशीद, सभास्थान, सिनेगॉग

ज्यूंच्या प्रार्थनावास्तूला मराठीत शब्द कोणता, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा आहे. परंतु ज्याला भाषांतर करावे लागते त्याच्यापुढे तो कोश उघडून सुटत नाही. एखादी यिद्दिश वा हिब्रू कथा मराठीत आणू लागले की पहिल्या-दुसऱ्या पानावरच ही वास्तू उभी राहते आणि लेखणी अडते. मराठी बायबलने 'सभास्थान' हा शब्द रूढ केला आहे. वृत्तपत्रांनी 'सिनेगॉग' हा शब्द जसाच्या तसा उचलला. काहीजण 'प्रार्थनालय' लिहून मोकळे होतात. ह्या तिन्ही शब्दांविरुद्ध व्याकरणाची वा अर्थाची तक्रार करता येणार नाही. पण ज्यांची घरची भाषा मराठी होती, जे मराठीत नवस बोलत आणि मराठीत भांडत, अशा कोकणातील बेने इस्राएल समाजाने मुंबईत आपली पहिली वास्तू उभारली, तेव्हा तिला जो शब्द लावला तो ह्या तिहींपैकी नव्हता. ते तिला मशीद म्हणत.

ह्या एका शब्दामागे गेलो तर मुंबईतील बेने इस्राएलांच्या वास्तूंचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो, असे मला वाटते. हा इतिहास सामान्यतः सनावळीच्या रूपाने सांगितला जातो : अमुक साली अमुक जागी अमुक वास्तू. ती सनावळी आवश्यकच आहे. प्रस्तुत लेखात ती येईलही. परंतु त्या त्या वेळी लोकांनी वास्तूला कोणत्या नावाने हाक मारली, हे तिच्याशेजारी मांडून पाहिल्यावाचून त्या दगडविटांना वाचा फुटत नाही.

मुळात ह्या समाजाला वास्तूच नव्हती. अलिबागेजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, ही बेने इस्राएलांची आपल्या उगमाविषयीची परंपरागत कथा. ते केव्हा आले ह्याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही आणि इथे तिची गरजही नाही. गरज आहे ती एवढे ध्यानी घेण्याची की शतकानुशतके हा समाज कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडाच्या, गावागावांत विखुरलेला होता. घाणा चालवून तेल गाळीत होता. आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शेजाऱ्यांनी त्याला 'शनवार तेली' असे नाव दिले होते. दिवेकर, पेणकर, राजपूरकर, केहिमकर, झिराडकर ही आडनावे त्या गावांवरूनच पडली. धर्म पाळला जात होता तो घरात : शब्बाथ, सुंता, काही उपवास, आणि 'शेमा' ह्या श्रद्धावाक्याचा उच्चार. धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवायला पेटी नव्हती, कारण गुंडाळीच नव्हती. घाण्यापाशी न गेलेला शनिवार हीच त्यांची खूण, आणि तिला छप्पर लागत नव्हते.

छप्पर लागले ते मुंबईत. दिवेकरांचे घराणे अठराव्या शतकाच्या मध्यास मुंबईस आले असे परंपरा सांगते. त्यांच्यापैकी सॅम्युअल एझिकेल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत एतद्देशीय अधिकारी होते. पण हे नाव त्यांना कोण म्हणत असेल? लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत. सॅम्युअलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी, त्यांच्या बंधूचा आयझॅकचा इसाजी. ह्या नावांत मला भाषांतरकाराचा आदर्श दिसतो. हिब्रू नावाची पहिली दोन अक्षरे राखून पुढे 'जी' लावला, की संदेष्टा शमुवेल रामजी-शिवजींच्या पंगतीत जाऊन बसतो आणि कोणाला तो परका वाटत नाही.

म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात (१७८०–८४) सामाजी आणि इसाजी हे टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. पुढची कथा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. कैद्यांना सुलतानासमोर उभे करण्यात आले. तुम्ही कोण, असे विचारल्यावर बंधूंनी 'आम्ही बेने इस्राएल' असे उत्तर दिले. ते ऐकून सुलतानाच्या मातोश्री म्हणाल्या की, कुराणात ज्यांचा 'बनी इस्राईल' म्हणून वारंवार उल्लेख येतो ते लोक प्रत्यक्ष पाहायला मिळाले, त्यांना जिवानिशी मारू नये. कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरेल हे सांगणे कठीण. युद्धकैदी तहानंतर सुटतातच, आणि मंगळूरचा तह १७८४ साली झाला. परंतु कथेची रचना पाहावी. ह्या माणसांना तलवारीने सोडवले नाही, खंडणीनेही नाही. त्यांना सोडवले एका नावाने, आणि तेही असे नाव की जे दोन धर्मांच्या पोथ्यांत थोड्या उच्चारभेदाने आढळते. गावात जे 'शनवार तेली' होते ते श्रीरंगपट्टणात 'बनी इस्राईल' म्हणून ओळखले गेले. समाजाने हीच कथा का जपली असावी, ह्याचे उत्तर मला इथे सापडते.

सुटून आल्यास देवाचे घर बांधीन, असा सामाजींचा नवस होता. तो त्यांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात फेडला. 'नवस' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. हिब्रूत त्याला 'नेदेर' म्हणतात आणि बायबलच्या मराठी भाषांतरातही 'नवस' हाच शब्द आहे. पण कोकणात वाढलेल्या माणसाच्या मनात नवस म्हटल्यावर जे उभे राहते, ते संकट, बोललेला शब्द आणि फेडीची रुखरुख, हे सारे ह्या वास्तूच्या पायात आहे. धर्मग्रंथाची गुंडाळी मिळवण्यासाठी सामाजी पुढे कोचीस गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला, असे सांगतात. वास्तूला काही हिब्रू नाव देण्याची कोणाला निकड भासली नाही. ती सामाजी हसाजींची मशीद होती.

आता ह्या 'मशीद' शब्दाकडे वळू. आजच्या वाचकाला तो खटकेल. काहींना चुकीचाही वाटेल. कोकणच्या माणसाच्या अनुभवात प्रार्थनेच्या वास्तू तीन : देऊळ, मशीद आणि पोर्तुगीज मुलखाजवळ असल्यास चर्च. ज्या वास्तूत मूर्ती नाही, जिथे एका विशिष्ट दिशेला तोंड करून प्रार्थना होते, जिथे सुंता झालेले पुरुष जमतात आणि जिथे डुकराचे मांस निषिद्ध मानणारे लोक येतात, ती ह्या तिहींपैकी कशात बसते हे सांगायला पंडित लागत नाही. शब्द आयता होता. तो उचलला गेला. पण गंमत अशी की ह्या आयत्या शब्दाचे कूळ शोधले तर तो उसना ठरत नाही. अरबी 'मस्जिद' म्हणजे लोटांगण घालण्याची जागा. त्यातील 'स-ज-द' ह्या धातूचा सोयरा 'स-ग-द' हा हिब्रूत आणि आरमाइकमध्येही आहे आणि त्याचा अर्थ तोच, नमन करणे.

उलट 'सिनेगॉग' हा शब्द ग्रीक. हिब्रूत ह्या वास्तूला 'बेथ हा-क्नेसेथ' म्हणतात, म्हणजे एकत्र जमण्याचे घर. इस्राएलच्या संसदेला जे 'क्नेसेत' नाव आहे ते ह्याच धातूवरून. 'सिनेगॉग' म्हणजे ग्रीकमध्ये एकत्र येणे; तो ह्या हिब्रू कल्पनेचा अनुवाद. आपले 'सभास्थान' त्या ग्रीक शब्दाचे मराठी रूप. म्हणजे भाषांतराचे भाषांतर. शब्द सुबक आहे, ह्यात शंका नाही. मात्र तो ज्यांनी घडवला त्यांना ती वास्तू पॅलेस्टाइनमधली दिसत होती, मांडवीतली नव्हे. येशू ज्यात जाऊन उपदेश करतो ते सभास्थान, आणि सामाजींचे नातू शनिवारी सकाळी ज्यात जात ती मशीद, ह्या दोन गोष्टी एकच आहेत हे मराठी वाचकाला ह्या दोन शब्दांवरून कधीच कळले नसते.

मशिदीच्या अंतर्रचनेविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण ज्यांनी ती पाहिलेली नाही अशाच वाचकांची संख्या मोठी असणार. पश्चिमेच्या भिंतीत 'हेखाल' असते : धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट, त्यावर भरजरी पडदा. युरोपातला ज्यू पूर्वेकडे तोंड करतो; मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेस, म्हणून इथे पश्चिम. दालनाच्या मध्यभागी कठडा असलेला उंच चौथरा, 'तेबा'. त्यावरून हज्जान प्रार्थना चालवतो. हेखालापुढे अखंड तेवणारा दिवा. वर स्त्रियांचा सज्जा. शिवाय एक रिकामी खुर्ची असते. ती एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची. मुलाच्या सुंतेला तो अदृश्यपणे हजर राहतो अशी श्रद्धा सर्वच ज्यूंत आहे. पण बेने इस्राएलांचे त्याच्याशी नाते अधिक जिव्हाळ्याचे. अलिबागेजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, आणि त्याच्या नावाने पोहे, खोबरे व फळे घालून 'मलिदा' केला जातो. मलिदा हा शब्दही दर्ग्याच्या वाटेने आलेला आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आलेच असेल.

ह्याहून मनोरंजक आहे ती मशिदीची व्यवस्था. हाईम सॅम्युअल केहिमकर (१८३०–१९०८) ह्यांनी समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. त्यात आणि समाजाच्या इतर कागदांत जे अधिकारी भेटतात ते असे : मुकादम, चौगुला, गबाई, हज्जान, शमाश, काजी. मुकादम आणि चौगुला आपल्या गावगाड्यातले. काजी मुसलमानी अमदानीतला. गबाई (खजिनदार), हज्जान व शमाश (सेवेकरी) हिब्रू. एका लहानशा संस्थेच्या हिशेबवहीत तीन संस्कृतींची पदे एकमेकांशेजारी बसली आहेत आणि त्यांत कुठे सांधा दिसत नाही. इतिहासकार ह्याला 'समन्वय' म्हणतील. मला तो शब्द जरा जड वाटतो. ज्यांना कारभार चालवायचा होता त्यांनी परिचयाची माणसे नेमली आणि परिचयाची नावे दिली, इतकेच.

१८४० मध्ये मुंबईत बेने इस्राएलांची दुसरी मशीद स्थापन झाली. तिचे हिब्रू नाव 'शाअरे रासोन', म्हणजे प्रसन्नतेचे द्वार. लोक तिला 'नवी मशीद' म्हणू लागले आणि त्याबरोबर सामाजींची मशीद आपोआप 'जुनी मशीद' झाली. पुढे १८६० साली जुन्या मशिदीने जागा बदलली. आज सॅम्युअल स्ट्रीटवर दिसते ती वास्तू ह्या स्थलांतरानंतरची. म्हणजे जुन्या मशिदीचे आजचे घर नव्या मशिदीच्या स्थापनेनंतर वीस वर्षांनी उभे राहिले! 'जुनी' हे विशेषण इमारतीचे नव्हतेच. ते जमातीचे होते : ज्या मेळ्याने १७९६ साली पहिल्याने एकत्र प्रार्थना केली त्याचे. हिब्रूतील 'क्नेसेथ' शब्दात माणसांचे जमणे प्रधान आणि घर गौण आहे, असे पंडित सांगतात. मुंबईच्या तेल्या-शिपायांनी तोच अर्थ 'जुनी' ह्या साध्या मराठी विशेषणात भरला होता.

सॅम्युअल स्ट्रीट हे नाव सामाजींचे. जवळच्या रेल्वे स्थानकाचे 'मशीद' हे नावही ह्या जुन्या मशिदीवरून पडले असे अनेकजण सांगतात. ह्या व्युत्पत्तीवर पैज लावायला मी तयार नाही. त्या वस्तीत मुसलमानांच्या मशिदीही आहेत. पण असे सांगितले जाते आणि मानले जाते, ह्यालाही काही अर्थ आहे. रोज लाखो माणसे ज्या नावाच्या फलाटावर चढतात-उतरतात, त्या नावात आपला वाटा आहे असे एका इवल्याशा समाजाला वाटत राहिले.

नावांची ही अदलाबदल केवळ मुंबईची नव्हे. प्रस्तुत लेख मी काशीत, बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला बसून लिहीत आहे. मराठ्यांच्या अमदानीत ह्या तीरावर मराठी माणसांनी घाट आणि वाडे बांधले, देवळे उभारली. वास्तूंचे धनी पुढे बदलले, नावे राहिली. बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत, हे सर्वश्रुत आहे. शेजारीच पंचगंगा घाट आहे. तेथे औरंगजेबाच्या काळी बिंदुमाधवाच्या देवळाच्या जागी उभी राहिलेली आलमगिरी मशीद आहे आणि तिला काशीकर पिढ्यान्‌पिढ्या 'बेनीमाधव का धरहरा' म्हणत आले. मशिदीला देवाचे नाव! ह्या नावात एका उद्ध्वस्त देवळाची आठवण आहे, आणि मशीद रोजच्या बोलण्यात आपलीशी झाल्याची खूणही आहे. दोन्ही एकाच तोंडून येतात. लोकांच्या मुखातील नाव हा असा पुरावा असतो. कागदपत्रांत जे परस्परविरोधी ठरेल ते त्यात बिनतक्रार नांदते. मांडवीतील ज्यूंच्या मशिदीकडे मी ह्या घाटावरून पाहतो, तेव्हा ती मला अपवाद वाटत नाही.

मुंबईकडे परत येऊ. १८९६ साली जुन्या मशिदीला शंभर वर्षे झाली आणि तिचे नामकरण झाले : 'शाअर हा-रहमीम', दयेचे द्वार. 'रहम' हा शब्द मराठीला फारसी-अरबीच्या वाटेने परिचित आहेच. 'रहमीम' त्याचा सख्खा भाऊ. पण हे नाव लोकांनी ठेवले नाही, ते विचारपूर्वक निवडले गेले. शंभर वर्षे एका सुभेदाराच्या मराठी नावाने ओळखली गेलेली वास्तू आता जगातल्या कोणत्याही ज्यूला कळेल अशा नावाने ओळखली जाणार होती.

हे परिवर्तन कशाने झाले? माझ्या मते ग्रंथांनी, आणि तेही बव्हंशी मराठी ग्रंथांनी. कोचीहून १८२६ च्या सुमारास शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. परंतु बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह शिळाछापाने निघाली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादातील चित्रांत पाटाशी बसून बेखमीर भाकरी लाटणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. इजिप्तमधून बाहेर पडलेले लोक रास्ता पेठेतून आल्यासारखे दिसतात! १८७५ साली केहिमकरांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी कीर्तनाचा प्रकार उचलला आणि योसेफाचे, मोशेचे आख्यान साकी-दिंडीत लावले. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. त्यांचे नाव मराठी भाषांतराच्या इतिहासांत क्वचितच आढळते, ही आपल्या इतिहासकारांची उणीव मानली पाहिजे. हिब्रूतून थेट मराठीत, मधे इंग्रजीचा मध्यस्थ न घेता, एवढे काम करणारे दुसरे कोण होते?

ह्या सर्व उद्योगाचा परिणाम मात्र विलक्षण झाला. मराठी ग्रंथांच्या द्वारे समाजाला हिब्रूची ओळख झाली. हिब्रूच्या ओळखीने त्याला जगभरच्या ज्यूंमधील आपले स्थान दिसले. आणि ते दिसल्यावर 'सामाजी हसाजींची मशीद' हे मराठी नाव त्याला अपुरे वाटू लागले. मराठीने आपल्या हाताने आपले नाव पुसले. दारावर हिब्रू अक्षरे आली. घरात 'मशीद' चालू राहिली.

हे अपुरेपण वाटण्यास आणखी एक कारण होते. मुंबईत बेने इस्राएल एकटेच ज्यू नव्हते. एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेले व्यापारी, ससून घराणे आणि त्यांचे आप्त, इथे स्थिरावले. त्यांना कोकणातील तेल्यांच्या ज्यूपणाची खात्री वाटेना. १८३६ मध्ये त्यांनी सामाईक दफनभूमीत आपल्या व बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालून मिळावी असा अर्ज सरकारकडे केला. मेलेल्यांमध्ये भिंत मागणाऱ्यांनी जिवंतांसाठी वेगळ्या वास्तू बांधल्या ह्यात नवल नाही. भायखळ्याचे 'मागेन डेव्हिड' डेव्हिड ससून ह्यांनी १८६१ साली बांधले. कोटातील 'क्नेसेथ एलियाहू' १८८४ चे; ते जेकब ससून ह्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधले आणि गॉस्टलिंग व मॉरिस ह्या इंग्रज वास्तुकारांकडून त्याचा आराखडा करवून घेतला. रंगीत काचा, उंच खांब, मनोरे. प्रवासी पाहायला जातात ते हे. वास्तुकलेच्या दृष्टीने जुनी मशीद त्यांच्यापुढे साधी वाटते, आणि ती तशी आहेच. ससूनांच्या वास्तू एकेका धनिकाच्या देणगीने उभ्या राहिल्या. बेने इस्राएलांच्या बहुतेक वास्तू शिपाई, सुतार, कारकून आणि रेल्वेतले नोकर ह्यांच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या आणि वर्गणीवरच चालल्या.

पुण्यात डेव्हिड ससून ह्यांनी बांधविलेले 'ओहेल डेव्हिड' १८६७ साली पुरे झाले. लाल विटांची ती उंच मनोऱ्याची इमारत पाहून पुणेकरांनी तिला काय नाव द्यावे? लाल देऊळ. दुरून ती चर्चसारखी दिसते, आत ज्यू प्रार्थना करतात, आणि रिक्षावाल्याला 'लाल देऊळ' म्हणून सांगितले की तो बरोबर नेऊन सोडतो. मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! फरक एवढाच की मुंबईतले नाव आत जाणाऱ्यांच्या तोंडचे आहे, पुण्यातले बाहेरून पाहणाऱ्यांच्या. बेने इस्राएलांची पुण्यातील स्वतःची वास्तू, 'सुक्काथ शेलोमो', रास्ता पेठेत आहे. ती १९२१ ची.

विसाव्या शतकाची कथा थोडक्यात सांगता येईल. मांडवी-उमरखाडीची वस्ती दाटत गेली; १८९६ च्या प्लेगने आणि त्यानंतरच्या नगरसुधारणेने मध्यमवर्ग उत्तरेकडे सरकला, आणि मशिदी माणसांच्या मागोमाग गेल्या. उमरखाडीत 'एत्स हाईम' प्रार्थनागृह १८८८ पासून होतेच. जेकब सर्कलपाशी 'तिफेरेथ इस्राएल' १९२४ साली आणि आग्रीपाड्यात 'मागेन हसीदीम' १९३१ साली उभे राहिले. कुर्ल्याचे प्रार्थनागृह १९४६ चे. ठाण्याचे 'शाअर हाशामाइम', स्वर्गाचे द्वार, ह्यांच्या कितीतरी आधीचे, १८७९ चे. ट्रामचा आणि आगगाडीचा नकाशा हाती घेतला तर ह्या वास्तूंची ठिकाणे त्यावर क्रमाने सापडतात. १९२५ मध्ये लंडनच्या उदारमतवादी ज्यू चळवळीपासून स्फूर्ती घेऊन 'ज्यूइश रिलिजस युनियन' ही संस्था मुंबईत स्थापन झाली; तिच्या संस्थापकांत डॉ. जेरुशा झिराड ह्या अग्रभागी होत्या. पुढे १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सज्जात बसणाऱ्या स्त्रियांपैकी एक खाली येऊन संस्था काढते, ही गोष्ट वास्तुरचनेच्या इतिहासातही नोंदण्यासारखी आहे. हिची वास्तू 'रोदेफ शालोम' ह्या नावाने ओळखली जाते. ध्यानात घेण्यासारखे हे की ह्या शतकातील वास्तूंना जन्मापासूनच हिब्रू नावे आहेत. सामाजी हसाजींसारखे मराठी नाव पुन्हा कोणत्याही दारावर आले नाही.

मग १९४८ आले. इस्राएलची स्थापना झाली त्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेकजण गेले : दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयी तोच जुना संशय धर्मपीठाने नव्याने काढला. विवाहनोंदणीच्या प्रश्नावर आंदोलन करून त्यांनी तो १९६४ मध्ये मागे घ्यायला लावला. टिपूच्या दरबारात ज्या नावाने प्राण वाचवले त्या नावाचा पुरावा इस्राएलमध्ये द्यावा लागावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. त्या गावांतून त्यांनी आपली प्रार्थनागृहे काढली आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. इकडे भारतात आज हा समाज पाच हजारांच्या आत आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्य दर्जा दिला. प्रार्थना विधिपूर्वक व्हायला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात; त्या जमावाला 'मिन्यान' म्हणतात. मांडवीच्या मशिदींना हा दहांचा आकडा जमवणे जड जाऊ लागले त्याला बराच काळ लोटला. ठाण्याची जमात त्या मानाने भरलेली असते.

आता अनुवादकाच्या प्रश्नाकडे वळतो. 'मशीद' हा शब्द बेने इस्राएलांच्या तोंडूनही ओसरत चालला आहे. इस्राएलमध्ये ते 'बेथ क्नेसेत' म्हणतात आणि मुंबईच्या तरुण पिढीला 'सिनेगॉग' सोपा वाटतो. सॅम्युअल स्ट्रीटच्या परिसरात मुसलमानांची वस्ती मोठी असल्याने 'जुनी मशीद कुठे' असे विचारणाऱ्याला भलतीकडे पाठवले जाण्याचाच संभव अधिक. तेव्हा व्यवहारात हा शब्द परत आणा असा आग्रह धरणे वेडेपणाचे होईल. माझा आग्रह मर्यादित आहे. वॉर्सा किंवा न्यू यॉर्कमधील कथेचे भाषांतर करताना 'सिनेगॉग' खुशाल लिहावे. तेथील पात्रांच्या ओठी तो वा त्याचा सोयरा शब्द असतो. बायबलच्या संदर्भात 'सभास्थान' रूढच आहे, तो बदलण्याचे कारण नाही. पण अलिबागचे, पेणचे, मांडवीचे बेने इस्राएल पात्र एकोणिसाव्या शतकात बोलत असेल, तर त्याच्या तोंडी 'सभास्थान' घालणे म्हणजे त्याला त्याच्याच गावात पाहुणा करणे होय.

हल्ली अशा लेखनात 'मशीद' शब्द आलाच तर त्याच्यापुढे कंसात 'सिनेगॉग' घालण्याची पद्धत दिसते. संपादकांची अडचण मी समजू शकतो. अर्थाचा घोटाळा नको, आणि आजच्या दिवसांत तर नकोच नको. तरीही तो कंस काढून टाकावा, आणि वाक्य असे रचावे की शनिवार, हज्जान, पश्चिमेचे हेखाल किंवा दाराशी उभे असलेले सामाजी हसाजी ह्यांपैकी काहीतरी त्याच परिच्छेदात यावे. मग ही मशीद कोणाची हे वाचकाला कोणी सांगावे लागत नाही. राजपूरकरांच्या वाचकांना ते सांगावे लागत नव्हते.